बॉबी मूर ते अहमद रशाद : एका नावाचा प्रवास

काही महिन्यांपूर्वी भाच्याचा फोन आला. पोरगा कॉलेजच्या कबड्डी संघातला चढाईपटू. दुसऱ्या वर्षाला असताना गुडघ्याची दोरी तुटली, ऑपरेशन झालं आणि खेळ सुटला. पण मैदान काही सुटेना. तालुक्याच्या स्पर्धांमध्ये तो समालोचन करायला लागला. आवाज खणखणीत, मराठी अस्सल, शिवाय खेळ आतून माहीत. लोकांना आवडू लागला. आता एका मोठ्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण होणार होतं आणि त्यासाठी त्याला बोलावणं आलं होतं.

“मामू, एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “ते म्हणतायत, फ्लेक्सवर नुसतं पहिलं नाव टाकू. आडनाव नको. सुटसुटीत दिसतं म्हणे. काय सांगू?”

त्याचं पहिलं नाव दोन्हीकडे चालणारं आहे. आडनाव मात्र सगळं सांगून टाकणारं. आयोजक वाईट नव्हते. त्यांनी आदरानेच विचारलं होतं. बाकीच्या पाहुण्यांची आडनावं मात्र फ्लेक्सवर होती.

मी लगेच उत्तर दिलं नाही. “दोन दिवस थांब,” म्हणालो. आपल्याकडे ज्याचं मराठी ऐकून लोक ‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता’ म्हणतात, त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. मलाही पडला होता. पण पोराला सल्ला देण्याआधी इतिहासात थोडं मागे जावंसं वाटलं.

आपल्या मुंबईने या प्रश्नाचं एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. १९४४ साली ‘ज्वार भाटा’ चित्रपट आला आणि युसूफ खान नावाचा तरुण दिलीप कुमार म्हणून पडद्यावर आला. कॉलेजात असताना त्याला फुटबॉलचं वेड होतं. बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींनी त्याला नवं नाव घ्यायला सुचवलं. मुमताज जहाँची मधुबाला झाली, महजबीन बानोची मीनाकुमारी. नाव बदलणारे सगळे मुस्लिमच होते असं नाही. ती त्या धंद्याची रीतच होती. पण मुस्लिम नाव झाकून पडद्यावर जायचं, ही वाट तेव्हापासून मळलेली आहे.

याच्या बरोबर उलट दिशेने चाललेला एक माणूस मला अमेरिकेत सापडतो. त्याने आधी मुस्लिम नाव घेतलं आणि मग तो टीव्हीच्या पडद्यावर गेला. त्याचं नाव अहमद रशाद.

त्याचं जन्मनाव बॉबी मूर. हे नाव ऐकल्यावर आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांना १९६६ चा विश्वचषक उंचावणारा इंग्लंडचा कर्णधार आठवेल. हा तो नव्हे. हा बॉबी मूर १९४९ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये, एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात वाढला. त्याचा खेळही वेगळा, अमेरिकन फुटबॉल. त्यात चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. तो घेऊन समोरच्यांना चुकवत गोलरेषेपलीकडे पळायचं, नाहीतर दुरून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा. मूरला दोन्ही जमायचं.

शिक्षणासाठी तो यूजीन शहरातल्या ओरेगन विद्यापीठात गेला. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखी चार प्रेक्षकांची गोष्ट नव्हे. हजारोंचं स्टेडियम, वर्तमानपत्रांचे मथळे, टीव्हीचे कॅमेरे हे सगळं विद्यार्थी असतानाच वाट्याला येतं. खेळाडूला कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय तिथेच लागते. ओरेगनच्या त्या संघात चेंडू फेकायला होता डॅन फाउट्स. हा फाउट्सही पुढे नामांकित खेळाडू झाला आणि नंतर टीव्हीवरचा समालोचक. कॉलेजचे दोन सवंगडी, दोघांची वाट मैदानावरून पडद्यावर गेली. १९७१ साली मूरची देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंमध्ये निवड झाली. १९७२ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात सेंट लुईस कार्डिनल्सने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. देशभरातल्या शेकडो पोरांमधून चौथा.

पहिल्याच मोसमात, डिसेंबर १९७२ मध्ये, त्याच्या हातून एक गमतीशीर विक्रम झाला. जिम हार्टने फेकलेला चेंडू झेलून तो पळत सुटला. त्या एका डावात ९८ यार्ड अंतर कापलं गेलं आणि गोलरेषेच्या अगदी तोंडाशी त्याला पाडण्यात आलं. मैदानच मुळात १०० यार्डांचं. गुण न मिळवता एका झेलावर कापलेलं सर्वांत लांब अंतर म्हणून ते विक्रमांच्या पुस्तकात गेलं. एवढं पळून वेशीवरच अडवलं जाणं म्हणजे काय, हे त्या पोराला पहिल्याच वर्षी कळलं.

सेंट लुईसच्या त्याच दिवसांत त्याने इस्लाम स्वीकारला आणि बॉबी मूरचा अहमद रशाद झाला. अहमद म्हणजे प्रशंसनीय. रशाद म्हणजे सरळ वाटेवर असणं. आपल्या कानावरचे रशीद, मुर्शिद, इर्शाद हे शब्द त्याच धातूतून आलेले.

हा ‘रशाद’ आला कुठून? त्याचे धार्मिक मार्गदर्शक होते रशाद खलिफा, इजिप्तमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ. शिष्याने गुरूचं नाव घेतलं. हे खलिफा पुढे कुरआनमध्ये १९ या आकड्याची गणितं मांडण्यासाठी प्रसिद्ध झाले. नंतर त्यांनी स्वतःला ‘रसूल’ म्हणून जाहीर केलं. उलेमांनी त्यांना इस्लामच्या बाहेर काढलं. जानेवारी १९९० मध्ये ॲरिझोनातल्या टक्सन इथे, त्यांच्याच मशिदीत त्यांची हत्या झाली. आपल्यातल्या काहींना ही पार्श्वभूमी अडचणीची वाटेल. पण इतिहास सांगताना सोयीचं तेवढंच उचलायचं, हे मला पटत नाही. आणि नाव तरी कुठे एका माणसाच्या मालकीचं असतं? हे नाव मूळ मालकाला सोडून किती दूर गेलं, ते पुढे येईलच.

त्या काळात अमेरिकेत मुस्लिम नाव घेणं म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. १९६४ साली कॅशियस क्लेने आपण मुहम्मद अली असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मोठमोठी वर्तमानपत्रं कित्येक वर्षं त्याला क्लेच छापत राहिली. १९६७ मध्ये अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्याने त्याला क्ले म्हणून हाक मारली. अलीने पूर्ण १५ फेऱ्या त्याला ठोकलं आणि मध्ये मध्ये विचारत राहिला, माझं नाव काय सांग. १९७१ मध्ये बास्केटबॉलचा बादशाह ल्यू अल्सिंडर हा करीम अब्दुल-जब्बार झाला. या माणसांसाठी जुनं नाव ही गुलामीची खूण होती. मालकाचं आडनाव गुलामाला चिकटलं आणि पिढ्यानपिढ्या चालत आलं. नवं नाव म्हणजे ती खूण पुसणं. गोऱ्या अमेरिकेला मात्र ते आव्हान वाटलं. टाळ्या मिळवणारा खेळाडू आपल्याला विचारल्याशिवाय स्वतःचं नाव ठरवतो, हेच पचत नव्हतं.

अलीकडे ठोसा होता. करीमकडे सव्वासात फुटांची उंची आणि विजेतेपदं होती. रशाद नवखा होता. सेंट लुईसच्या अनेक चाहत्यांना बॉबी मूर हवा होता, अहमद रशाद नव्हे. दोन मोसमांनंतर संघाने त्याला बफेलोला देऊन टाकलं. तिथे एक मोसम झाला आणि गुडघा गेला. १९७५ चं अख्खं वर्ष मैदानाबाहेर. १९७६ मध्ये सिएटलच्या नव्याकोऱ्या संघाने त्याला घेतलं. सिएटल म्हणजे त्याच्या टकोमाच्या शेजारचं शहर. पण मोसम सुरू होण्याआधीच तिथूनही रवानगी झाली, ती मिनेसोटा वायकिंग्स संघात. चार-पाच वर्षांत चौथा संघ, त्यात फाटलेला गुडघा आणि तोंडात न बसणारं नाव. इथे गोष्ट संपली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं.

ती तिथे संपली नाही. मिनेसोटात त्याला फ्रॅन टार्केंटनसारखा चेंडू फेकणारा मिळाला आणि त्याचा खेळ बहरला. १९७८ ते १९८१ अशी सलग चार वर्षं तो प्रो बोल या तारांकित खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

आणि १४ डिसेंबर १९८० उजाडला. क्लीव्हलँड ब्राउन्सविरुद्ध सामना. वायकिंग्स २३-२२ असे एका गुणाने मागे. घड्याळात अवघे काही सेकंद. टॉमी क्रेमरने ४६ यार्ड दूर, देवावर हवाला ठेवून चेंडू उंच भिरकावला. गर्दीत चेंडू कोणाच्या तरी बोटांना लागून उडाला. रशादने तो एका हाताने झेलला आणि उलट पावली गोलरेषा ओलांडली. २८-२३. मिनेसोटाचे जुने लोक आजही त्या झेलाला चमत्कार म्हणतात. ज्यांना त्याचं नाव उच्चारायला जड जात होतं, ते स्टेडियम त्या दिवशी तेच नाव ओरडत होतं. मला वाटतं, नावं अशीच जिभेवर बसतात. लोकांना ती घेण्याची गरज पडावी लागते.

१९८२ च्या मोसमानंतर त्याने खेळ सोडला. ४९५ झेल नावावर होते. सरळ एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीवर तो खेळांच्या कार्यक्रमात दिसू लागला. निवृत्त खेळाडू टीव्हीवर येणं तेव्हा नवं नव्हतं. १९७५ पासून सीबीएसवर अर्व्ह क्रॉस हा माजी कृष्णवर्णीय खेळाडू विश्लेषक म्हणून बसत होता. रशादचा बफेलोतला सहकारी ओ. जे. सिम्पसन तर खेळत असतानाच जाहिरातींतून घराघरात पोहोचला होता. टीव्हीला हवा होता हसरा, गोड बोलणारा, कोणाला न दुखावणारा चेहरा. रशादकडे तो होता. पण पडद्याच्या तळाशी जी नावाची पट्टी यायची, तिच्यावर ‘अहमद’ लिहिलेलं असायचं. रविवारी दुपारी सोफ्यावर बसून सामना बघणाऱ्या सामान्य अमेरिकन माणसासाठी ती गोष्ट लहान नव्हती. इराणमधल्या अमेरिकी ओलिसांचं ४४४ दिवसांचं प्रकरण १९८१ मध्येच संपलं होतं. बातम्यांमध्ये ‘अहमद’ म्हणजे कोण, हे तेव्हा ठरून गेलं होतं.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, रशाद डेट्रॉइटच्या सामन्याच्या प्रक्षेपणात होता. त्याने कॅमेऱ्यात बघून थेट लग्नाची मागणी घातली. ती मागणी होती फिलिशिया आयर्स-ॲलन या अभिनेत्रीला. त्याच प्रक्षेपणात तिने होकार दिला. लग्न १४ डिसेंबरला झालं, त्या झेलाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी.

ही फिलिशिया म्हणजे ‘द कॉस्बी शो’मधली क्लेअर हक्सटेबल. ती मालिका तेव्हा अमेरिकेत सर्वाधिक पाहिली जात होती. डॉक्टर बाप, वकील आई, पाच मुलं असं सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंब. बिल कॉस्बींवरचे गंभीर आरोप आणि खटले पुढे जगासमोर आले. ते प्रकरण विसरण्यासारखं नाही. पण ऐंशीच्या दशकात क्लेअर ही अमेरिकेची लाडकी आई होती. आणि लग्नानंतर दर गुरुवारी रात्री मालिकेच्या श्रेयनामावलीत नाव येऊ लागलं फिलिशिया रशाद.

इथे मी थोडा थांबतो. इजिप्तच्या एका रसायनशास्त्रज्ञाचं नाव एका खेळाडूने घेतलं. खेळाडूकडून ते त्याच्या बायकोकडे गेलं आणि तिच्यामुळे ते अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय घराच्या दारावर लागलं. २००१ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. तिने ‘रशाद’ सोडलं नाही. २००४ मध्ये नाटकातल्या प्रमुख भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली, तेव्हाही नाव तेच होतं.

अहमद रशादचा टीव्हीवरचा सुवर्णकाळ १९९० नंतरचा. ‘एनबीए इनसाइड स्टफ’ नावाचा बास्केटबॉलचा कार्यक्रम शनिवारी लागायचा. प्रेक्षक मुख्यतः शाळकरी पोरं. खेळाडूंच्या घरी जायचं, थट्टामस्करी करायची, सरावातल्या गमती दाखवायच्या. अमेरिकेतल्या एका पिढीने शनिवारचा नाश्ता त्याचा आवाज ऐकत केला. त्या पोरांसाठी ‘अहमद’ हे नाव परकं राहिलं नाही. ते मायकेल जॉर्डनच्या मित्राचं नाव होतं. मला त्याची सगळ्यात मोठी कामगिरी हीच वाटते. अलीने हे नाव लढून मिळवलं. रशादने ते रोजच्या वापरातलं केलं.

पण याची किंमत होती, आणि ती लपवली तर हा लेख खोटा ठरेल.

१९९३ च्या अंतिम सामन्यांच्या वेळी जॉर्डन त्याच्या जुगारावरून अडचणीत आला होता. पत्रकारांशी त्याने बोलणं बंद केलं होतं. मौन सोडलं ते रशादसमोर, काळा चष्मा लावून. मित्राने मित्राची मुलाखत घेतली, अशी टीका झाली. ती अगदीच गैरवाजवी नव्हती. ज्याला सगळ्यांचं लाडकं राहायचं असतं, त्याला टोकदार प्रश्न विचारणं अवघड जातं.

दुसरा प्रसंग १९९६ चा. त्याच लीगमध्ये डेन्व्हर संघाकडून खेळणारा महमूद अब्दुल-रऊफ, पूर्वीचा ख्रिस जॅक्सन, हाही इस्लाम स्वीकारलेला. राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहायला त्याने नकार दिला. लीगने त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर, उभं राहून मान खाली घालून दुआ करण्याच्या तडजोडीवर तो परतला. संघाचा सर्वाधिक गुण करणारा हा खेळाडू त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे पाठवला गेला आणि दोन वर्षांत लीगबाहेर पडून तुर्कस्तानला खेळायला गेला. त्या काळात लीगच्या शनिवारच्या कार्यक्रमाचा चेहरा होता अहमद रशाद. दोघांची नावं अरबी, दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही कॉलेजमधून नावारूपाला आलेले. एक पडद्यावर, एक दाराबाहेर. एकाच व्यवस्थेने मुस्लिम नाव स्वीकारलं होतं, पण ते नाव धारण करणाऱ्याचं प्रत्येक मत स्वीकारायची तिची तयारी नव्हती.

म्हणून रशादला नायक करून टाकावं असं मला वाटत नाही, आणि तडजोडवाला म्हणून मोडीतही काढावंसं वाटत नाही. प्रत्येकाने अली व्हावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ठोसा मारता येत नाही अशा माणसालाही आपल्या नावाने जगण्याचा हक्क असतो. रशादने एवढंच केलं की नाव घेतलं आणि मग ते कधी सोडलं नाही. संघ बदलले, गुडघा गेला, टीव्हीवाल्यांसमोर उभं राहायची वेळ आली, तेव्हा बॉबी मूर होणं किती सोपं होतं. जुनं नाव तयारच होतं, कॉलेजपासून गाजलेलं. २००७ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तोही अहमद रशाद या नावानेच. ज्या कॉलेजात तो बॉबी मूर म्हणून खेळला, तिथला मानही नव्या नावाला मिळाला.

दिलीपसाबांबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. १९४४ ची मुंबई वेगळी होती आणि त्यांनी पडद्यावरचं नाव बदललं, माणूस बदलला नाही. पण त्यांच्या काळात जी गरज होती, ती ऐंशी वर्षांनंतर तालुक्याच्या कबड्डीच्या मैदानावरही असावी, याचं वाईट वाटतं.

दोन दिवसांनी भाच्याला फोन केला. ही सगळी कथा सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “म्हणजे भांडू का?”

“भांडू नकोस,” मी म्हणालो. “पूर्ण नाव लिहून दे. विचारलंच तर सांग, माझं नाव एवढंच आहे, यापेक्षा सुटसुटीत होत नाही. आणि मग असं समालोचन कर की पुढच्या वर्षी त्यांनाच ते नाव हवं वाटेल.”

“आणि नाहीच टाकलं तर?”

या प्रश्नाला माझ्याकडे इतिहासातून काढलेलं उत्तर नव्हतं. “तर माईक हातात आला की पहिल्या वाक्यात तूच सांग,” एवढंच म्हणालो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने फ्लेक्सचा फोटो पाठवला. आडनाव छापलं होतं. एक वेलांटी चुकली होती. खाली त्याने लिहिलं होतं, “मामू, चालेल ना?”

मी लिहिलं, “या वर्षी चालेल.”